चिमट्याची सासू

११ जानेवारी १९९८, रविवार

खुटबावच्या स्थळाचा नकार. गौतममामा दौंडहून मुद्दाम सांगायला आले. चहा संपल्यावर चपला शोधता शोधता बोलले, "पोरगी आजून शिकायचं म्हंती." सुजाताची बारावी होऊन तीन वर्षं झाली. एवढं खोटं बोलायचं तर नीट जुळवून तरी बोलावं.

पंधरा दिवसांपूर्वी हेच लोक, म्हाताऱ्या आजीसकट, इथे शिरूरला येऊन घर बघून गेले. पोहे खाल्ले. मुलीचे वडील माझं अक्षर छान आहे म्हणाले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचं अक्षर छान म्हणजे ड्रायव्हर चालतो छान म्हणण्यासारखं. सुजाताने मला दोन प्रश्न विचारले. दोन्ही सरळ होते. उत्तरं मी वाकडी दिली असणार. तीच आठवून बघत बसलो. चूक सापडली नाही, म्हणजे मोठी असणार.

आत्या म्हणाली, "जाऊ दे, दुसरी बघू." जसं काही वांगी किडकी निघाली.

१५ जानेवारी

खरं कारण कळलं. मामांचा फोन छापखान्यात आला. मालक शाईचा डबा पुसत बाजूलाच उभे राहिले. एरवी तो डबा वर्षानुवर्षं पुसत नाहीत.

"आरं मिलिंदा, शिक्षणाचं काय न्हाई. तिच्या आजीचं हाय समदं. चार तारखेला टीव्हीला पिक्चर लागला हुता ना, त्यात तुझी आत्या."

"मग?"

"मंग काय? आजी म्हंती, ती बाई मी वळखली. तिच्या घरात पोरगी न्हाई द्यायची."

मी आत्याचे पिक्चर नावाने लक्षात ठेवत नाही. छळाच्या वस्तूवरून ठेवतो. चिमट्याचा, विहिरीचा, दुधाचा. चार तारखेचा चिमट्याचा होता. त्यात ती चुलीत चिमटा लाल होईपर्यंत धरते, तोवर सुनेशी गोड बोलते, आणि मग डागते. त्या दिवशी ती अख्ख्या गल्लीला बोलावून आली होती. शेजारच्या जुबेदाचाचींनी सतरंजी आणली. मी नदीवर जाऊन बसलो होतो.

पडद्यावरचा चिमटा आणि घरातला चिमटा यांतला फरक ज्या बाईला कळत नाही, तिच्या एका शब्दावर माझं लग्न अडलं आहे. आणि हे सगळं मालकांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत झालं असेल.

१६ जानेवारी

आत्याला कारण सांगितलं. तिला वाईट वाटेल म्हणून काल दिवसभर शब्द जुळवत होतो. फुकट गेले. ती हसायला लागली. हसून हसून पदराने डोळे पुसले.

"चाळीस वर्सं झाली रं! त्वांडाला रंग, डोक्याला पांढरा टोप, तरी बाईनं वळखली!"

"माझं लग्न मोडलं."

"व्हय रं, ते बी हायच."

ते बी. अर्ध्या तासात ती गल्लीत चार घरं फिरून आली. परत आली तेव्हा चालही बदललेली होती.

१९ जानेवारी

हिची कारकीर्द एकदा नीट लिहून ठेवतो. लोकांना सांगताना ती दर वेळी वाढते.

खरं नाव गयाबाई. जलशात गायची. आवाज ऐकून कोणीतरी कोल्हापूरला स्टुडिओत नेलं. कंपनीने नाव ठेवलं कु. मंजिरी. लग्न केलं नाही, त्यामुळे कु. कायम राहिलं. पन्नाशीला आली तरी पाटीवर कु. मंजिरी, आणि काम सासूचं. ते वाचून थेटरात हसू कसं आलं नाही, आश्चर्य आहे.

ती म्हणते पन्नास पिक्चर. मला अकरा सापडले. अकरांपैकी चारांत ती विहिरीवरच्या बायकांत आहे, वाक्य नाही. उरलेल्या सातांत सासू. एकातही हिच्यासाठी गाणं नाही, म्हणजे ज्या आवाजासाठी नेलं तो कोणी वापरलाच नाही. सुरुवातीच्या पाट्यांत नाव येतं ते दहा-बारा जणांच्या घोळक्यात, आणि तेवढ्यासाठी ती अख्ख्या खोलीला गप्प बसवते. "आलं, आलं, ते बघा, खालनं तिसरं." तोवर पाटी जाते.

आई-बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा. हिने सिनेमा सोडून मला वाढवलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मला वाढवलं हे खरं. सिनेमा सोडला हे खरं नाही. सिनेमा रंगीत झाला आणि हिला बोलावणं बंद झालं.

२२ जानेवारी

लग्नसराई. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रिका. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं", खाली सहा पोरांची लाडाची नावं. पिंट्या, सोन्या, पुन्हा पिंट्या. विचारलं तर म्हणे दोन आहेत. छापले दोन्ही. शिवाय निवडणुकीची पत्रकं. त्यात उमेदवार विकासाची गंगा आणणार आहेत. आधी नळाला पाणी आणा.

सुजाताने विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुम्हाला हे काम आवडतं का?" मी म्हणालो होतो, "चुका काढायला आवडतात." आता वाटतं, इथेच गेलं.

पण मग आजीचं कारण खोटं का? नाही. मामा खोटं बोलले तर लगेच कळतं.

२६ जानेवारी

मामांची युक्ती. आत्यानेच खुटबावला जाऊन आजीजवळ बसायचं, बोलायचं, म्हणजे बाई किती साधी आहे ते दिसेल. मी म्हणालो, "ती साधी नाही." मामा म्हणाले, "दिसल तर खरी."

आत्या लगेच तयार. कोणतं पातळ नेसू, अंबाडा कसा घालू, सुरू झालं. विचारते, "त्या घरातली माणसं किती? उजेड कुटनं येतो?" उजेड कशाला पाहिजे हे मी विचारलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

खु.ची, म्हणजे खुटबावची, भेट. सविस्तर लिहितो, कारण असा मूर्खपणा पुन्हा बघायला मिळणार नाही.

एसटीने चौफुल्यापर्यंत. तिथून जीप. जीपवाल्याने आत्याला निरखून बघितलं आणि ओरडला, "आवो सासूबाई, तुमी फुडं बसा. मागं कुनाला चटका बसंल!" जीप हसली. आत्या पुढे बसली आणि खुटबाव येईपर्यंत त्याला शूटिंगच्या गोष्टी सांगत राहिली. त्याने तिच्याकडून भाडं घेतलं नाही. माझ्याकडून घेतलं.

घरात सुजाता, तिचे वडील आणि आजी. आई मळ्यात गेली होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली टीव्ही, टीव्हीवर विणलेला रुमाल. आजी अगदी बारीक, पण बसली होती अशी की खोली तिचीच. आत्याने आत शिरताच आवाज बदलला. तो स्टुडिओतला, पुस्तकी. "जयभीम. कशा आहात आपण?" घरी ही बाई "काय रं मुडद्या" म्हणून मला उठवते.

मग जे झालं ते असं. सुजाता चहाचा ट्रे घेऊन आली, तर आत्या उठली, ट्रे तिच्या हातातून घेतला, म्हणाली, "तू बस, बाळ. किती दमली असशील." तिच्या गालावरून हात फिरवला. तिला पाटावर बसवलं. स्वतः सगळ्यांना चहा दिला. सुजाताच्या वडिलांचा चेहरा उजळला. मामांनी मला कोपराने ढोसलं. मला तेव्हाच काहीतरी आठवत होतं, काय ते कळत नव्हतं.

आजीला कळलं. ती चहाला शिवलीच नाही.

"पिक्चरात बी आदी अशीच करती ही. सुनंला पाटावर बसिवती. बाळ म्हंती. मंग चिमटा."

आत्या सावरून म्हणाली, "अहो आजी, शेवटी मी सुनेचे पाय धरते की. तिची क्षमा मागते. तुम्ही शेवट नाही का पाहिला?"

"लाईट गेली हुती."

"मग झालं तर! शेवटी सासू सुधारते."

"सुधारती तवा पोरगी निम्मी मेल्याली असती. तवर तिनं काय काय सोसायचं? आन् सुधारायचं हाय तर आदीच सुधारावं मानसानं."

विजेच्या खात्याने माझं लग्न मोडलं असं म्हणावं, तर आजीने शेवट बघूनही हेच म्हटलं असतं.

निघताना आजीने दारापर्यंत येऊन आत्याला नीट बघून घेतलं. "तुमच्या शिरूरात तुमी चांगल्या असाल. पन माजी नात मला त्या चुलीम्होरं दिसती." म्हातारी खोटं बोलत नव्हती. मूर्ख माणसाचं खरं बोलणं सर्वांत वाईट, त्याला खोडता येत नाही.

२ फेब्रुवारी

आत्याशी बोललो. बोललो म्हणजे ओरडलो. "तुला साधं वागता येत नाही का? घरात वागतेस तसं?"

तिने शांतपणे भाजी निवडत उत्तर दिलं, "जरा जास्तीच झालं. गालाला हात नको हुता लावायला. तितंच म्हातारीनं धरलं."

म्हणजे अजून कामच तपासते आहे. मी माझी उत्तरं तपासतो तशी. हे लिहिलं आणि राग आला.

६ फेब्रुवारी

गल्लीतली पोरं तिला "ए चिमटे" म्हणून पळतात. ती दारात येऊन त्यांना पिक्चरमधली शिवी देते, पोरं खूश, ती खूश. अडुसष्ट वर्षांची बाई. छापखान्यात मालक विचारतात, "काय, सासूबाई राजी झाल्या का?" त्यांना वाटतं हा फार मोठा विनोद आहे. रोज करतात.

१२ फेब्रुवारी

आज सहज विचारलं, सहज म्हणजे टोचायलाच, की लग्न केलं नाहीस, सासू कधी बघितली नाहीस, मग एवढी सासू आणलीस कुठून.

भाकरी थापत होती. म्हणाली, पहिल्यांदा सासू केली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. सून झालेली हिरॉइन तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. ठरलेली बाई आली नव्हती. डायरेक्टरने विहिरीवरच्या बायकांतून हिला बोलावलं, केसांना पांढरं फासलं, आणि सांगितलं, सुनेला शिळी भाकरी द्या आणि हाकला. हिने दिली. डायरेक्टर खुर्चीतून उठला म्हणे.

"कशी दिलीस?"

तिने तव्यावरची भाकरी घेतली. मला म्हणाली, "पदर धर. म्हंजी टावेल धर." मी टॉवेल पसरला. ती ताठ उभी राहिली, तोंड दुसरीकडे वळवलं, आणि हात खांद्याच्या वर नेऊन भाकरी वरून सोडली. भाकरी टॉवेलात पडली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. पाय मागे घेतला, जसं खाली काही सांडलं आहे.

"आमच्या गावची पाटलीन माझ्या आयेला आशी द्यायची. हात लागू नये म्हनून वरनं. मी आयेच्या मागं हुबी असायची, उंबऱ्याच्या भायेर. रोज बघितलं. समदं तिचंच हाय. चालनं तिचं, बघनं तिचं. चिमटा तेवढा कंपनीचा."

मग बसली आणि पुढची भाकरी थापायला लागली. "लोकास्नी लई आवडलं," म्हणाली.

मला हे आधी कधी सांगितलं नव्हतं. मी ती भाकरी खाल्ली.

१७ फेब्रुवारी

तळेगाव ढमढेऱ्याला बाजाराच्या दिवशी पत्रिकांचे गठ्ठे पोचवायला गेलो. मामांनी सांगून ठेवलं होतं की सुजाता तिथे मावशीकडे आली आहे. मी घाबरून दोनदा शर्ट बदलला, शेवटी पहिलाच घातला.

भाजीच्या पालांजवळ भेटली. मावशी थोड्या अंतरावर मेथीच्या जुडीला नावं ठेवत उभी होती, कान इकडे.

सुजाता म्हणाली, "तुमचं काय ठरलं?"

"मी काय ठरवणार? तुमच्याकडून नकार आहे."

"आजीचा हाय. माझा कुणी विचारलाच न्हाई."

मी विचारावं म्हणून थांबली. मला ते नंतर कळलं, जीपमध्ये. तिथे मी म्हणालो, "आत्या तशी नाही." तिने माझ्याकडे बघितलं.

"खरं सांगू का? मला बी भीती वाटती थोडी. आजीसारखी न्हाई, चिमट्याची न्हाई. त्या दिवशी त्यांनी माझ्या गालाला हात लावला ना, तवा मला कळंना खरं हाय का काम हाय. रोज घरात आसंच कळंना झालं तर?"

हे मला बावीस वर्षं कळलेलं नाही. तिला एका चहात कळलं.

मग म्हणाली, "आपण दोघंच राहणार आसू तर आजी ऐकल. मी ऐकायला लावीन. आत्या दुसरीकडं राहत्यात म्हणून सांगा. एवढं तुमच्याच्यानं झालं तर बघा." शेवटचं वाक्य टोमणा होता. बरोबर लागला.

मावशीने तेवढ्यात मेथी घेतली.

१९ फेब्रुवारी

दुसरीकडे राहतात म्हणजे कुठे? या दोन खोल्या आत्याच्या आहेत. दुधाच्या पिक्चरच्या आणि विहिरीच्या पिक्चरच्या पैशांतून घेतलेल्या. खु.वाल्यांना वाटतं घर माझं आहे. आम्ही तसं म्हणालो नव्हतो, आणि नाहीही म्हणालो नव्हतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

मामांना फोन केला. सांगितलं, आत्या दौंडला तुमच्याकडे राहील, खु.ला तसं कळवा. मामा म्हणाले, "चाललंय की. रेल्वेच्या क्वार्टरला जागा हाय. दोन-चार म्हयन्यांनी आणता यील परत, पोरगी रुळली म्हंजी." दोघांनाही माहीत होतं की कोणी परत आणत नाही. फोन ठेवताना मी त्यांना थँक्यू म्हणालो. मामाला थँक्यू. तेवढ्यावरूनच त्यांना कळलं असेल मी कसला माणूस आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मला दुःख झालं नाही. हलकं वाटलं. आता पाट्यांच्या वेळी कोणी खोली गप्प बसवणार नाही, असा विचार मनात आला.

आत्याला अजून सांगितलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

आत्याला मामीकडून कळलं. मामी कालच्या एसटीने बाजाराला आली होती, तिला वाटलं आत्याला ठाऊक आहे. मी छापखान्यातून आलो तेव्हा आत्या कपडे वाळत घालत होती.

"आठ तारखेला येनार म्हनं खुटबावची मानसं, पक्कं करायला."

"हो."

"मंग मी सात वाजताची गाडी धरती. जेवन करून ठिवीन."

बस, एवढंच. ना रडली, ना शिवी दिली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. काही दिसेना. आयुष्यभर दर वेळी जास्तीचं करणारी बाई, आणि आज काहीच नाही. हे पण काम असेल तर हिने केलेलं सर्वांत चांगलं, आणि बघायला मी एकटा. मी टाळ्या वाजवणारा माणूस नाही.

३ मार्च

जुबेदाचाचींना आत्याने स्वतःच सांगितलं, दौंडला भावजयीच्या भावाकडे चालले, हवापालट. चाची म्हणाल्या, "दौंडला कसली हवा? इंजनाची?" दोघी हसल्या. मग चाची माझ्याकडे वळून बघत राहिल्या. मी मोरीत हात धुवायला गेलो. हात स्वच्छ होते.

७ मार्च, शनिवार

संध्याकाळी आत्याने विचारलं, "उद्या म्हातारी इचारंल, आत्या कुटं? काय सांगनार?"

"सांगेन, दौंडला असतात."

"म्हनून दाखव."

मी म्हणालो, आत्या दौंडला असतात. ती म्हणाली, "मेलास. भिताडाकडं कशाला बघतुयास? भिताडाकडं चोर बघतो." पुन्हा म्हणालो. "आता माज्याकडं बघतुयास. मी नसनार हाय तितं." तिसऱ्यांदा. "घाई करू नको. चहाचा घोट घे, कप खाली ठेव, मंग बोल. आन् म्हातारीच्या हाताकडं बघ. म्हाताऱ्या मानसाच्या हाताकडं बघून बोललं की त्यास्नी मान दिल्यावानी वाटतं."

मी सांगितलं की मला हा तमाशा करायचा नाही. ती म्हणाली, "तमाशा न्हवं. तुला पोरगी पायजे ना? मंग नीट कर. तुज्या त्वांडावर समदं दिसतं, ल्हानपनापास्नं."

मग ती खाटेवर बसली, पाय वर घेतले, खांदे आत ओढले, आणि समोर खु.ची आजी होती. दोनदाच बघितलेली बाई, आणि जशीच्या तशी. मानेचा झोल, ओठ दाबणं, खोली आपली असल्यासारखं बसणं. अंगावर काटा आला, हे लिहायला नको होतं, पण आला.

"आन् तुमची आत्या कुटं दिसत न्हाई?"

रिकामा कप उचलला, घोट घेतला, खाली ठेवला. तिच्या हातांकडे बघितलं. "आत्या दौंडला असतात."

"आसं व्हय. मंग हिकडं कवा येती?"

हे ठरलेलं नव्हतं. ती वाट बघत राहिली. आजीच्याच डोळ्यांनी.

"बोला की पावनं."

"जयंतीला," मी म्हणालो. "जयंतीला येतील. एक दिवस."

"आन् राहती का?"

"नाही. संध्याकाळच्या गाडीने जातील."

पाय खाली सोडले, खांदे सैल केले आणि ती आत्या झाली.

"हां," म्हणाली. "हे खरं वाटलं."

उठून चहा टाकला. मला दिला, हातात.

८ मार्च, रविवार

आत्या सातच्या गाडीने गेली. मी स्टँडवर येतो म्हणालो तर म्हणाली, "नगं, कुनी बघंल."

भात, वरण, वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे. घर तिने स्वतःच आवरलं. दोरीवरचं पातळ, मोरीतला दात घासायचा तंबाखूचा डबा, खिळ्याला अडकवलेला चष्मा, काही उरलेलं नाही. भिंतीवरचा स्टुडिओतला फोटो काढला आणि चौकोन उजळ दिसत होता, तर तिथे कॅलेंडर लावून गेली. मी तपासलं. एक केसही सापडला नाही. ही बाई अशा कामात ढिसाळ आहे असं मी आयुष्यभर समजत होतो.

वाक्य चार वेळा म्हणून बघितलं. चारही वेळा बरोबर आलं. तेच मला नको आहे.

अकराला ते येणार. आता साडेदहा. मगाशी जुबेदाचाची साखरेची वाटी परत द्यायला दारात आल्या. आत डोकावून म्हणाल्या, "मंजिरीबाई?"

मी त्यांच्या हाताकडे बघून म्हणालो, "आत्या दौंडला असतात."

चाचींनी वाटी उंबऱ्यावर ठेवली.

"कवापास्नं रे?"

हा प्रश्न काल घेतला नव्हता.